भिंतीतलं पाणी थांबलं तेव्हा

बाबा, परवा आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीतून पाणी यायचं थांबलं. पाऊस धो धो चालू, मुलुंडचा डोंगर सगळा भिजलेला, आणि भिंत कोरडी. मी दूध आणायला खाली उतरले होते, ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. सेक्रेटरी मोठ्या खुशीत सांगायला लागला, "मॅडम, भिंतीतले ते पाइप बुजवून टाकले सिमेंटने. दरवर्षी गणपतीच्या मंडपाचा पडदा खराब होतो ना. आता बघा, कसं झकास!" त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं, गणपती तोंडावर आलेले असताना तर मुळीच नाही.

घाटकोपरच्या टेकडीवरची आपली खोली अजून डोळ्यांसमोर आहे. मागे ती दगडी भिंत, वरची माती अडवायला कुणीतरी वस्तीच्याही आधी बांधलेली. एवढी भक्कम भिंत आयती मिळाली म्हणून तुम्ही, आणि ओळीतल्या सगळ्यांनीच, तिलाच घराची मागची भिंत करून टाकलंत. तीन बाजूंना पत्रे आणि चौथ्या बाजूला डोंगर. भिंतीत मनगटाएवढे पाइप होते. पावसाळाभर त्यांतून पाणी ठिबकायचं, जोर धरला की धार लागायची. आईने खाली पत्र्याची पन्हळ लावून ते पाणी मोरीत घेतलं होतं. नळावरच्या भांडणात पडायला नको म्हणून ती खूश होती. त्याच पाण्याने ती भांडी घासते आहे, गुणगुणते आहे, आणि मी आठवीचं भूगोलाचं पुस्तक घेऊन पाटावर बसले आहे, असं मला अजून दिसतं.

त्या वर्षी तुम्हाला कंपनीतून गावी जायला रजा मिळेना, म्हणून गणपती इथेच आणायचा ठरवलंत. केवढा उत्साह तुमचा! मखर ठेवायला जागा एकच, मागच्या भिंतीशी, नेमकी पाइपांच्या खाली. देवाच्या डोक्यावर पाणी कसं गळू द्यायचं? तुम्ही गोणपाटाचे बोळे कोंबलेत, वरून सिमेंट थापलंत, चुना मारलात. सकाळपर्यंत भिंत ठणठणीत. बघायला आलेले शेजारी म्हणाले, "भाऊ, आमच्याकडे पण करून द्या ना." आणि तुम्ही थापी घेऊन ओळभर फिरलात, प्रत्येकाच्या मखरामागचं पाणी बंद करत. घरोघरी चहा प्यायलात. इतक्या खुशीत मी तुम्हाला पुन्हा कधी पाहिलं नाही.

आई तेवढी भिंतीकडे बघत राहिली. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तिने विचारलं, "पाणी गेला खंय ओ?"

"गेला तेच्या घराक," तुम्ही हसत म्हणालात. "तू इस्टोवरची भाजी बघ."

मी पण हसले होते. पुढे मी भूगर्भशास्त्र शिकले, आता शिकवतेही, आणि दर वर्षी नव्या मुलांना मी आईचाच प्रश्न विचारते: पाणी गेलं कुठे? सांगते की अशा डोंगरात खाली काळा कातळ असतो, तो पाणी पीत नाही. त्याच्यावर कुजलेला खडक, म्हणजे मुरूम, आणि त्याच्यावर माती. आपल्याकडे तर त्याच्यावर माणसांनी टाकलेला भराव होता, विटांचे तुकडे, राख, कचरा, काय वाट्टेल ते. पाणी या सगळ्यातून झिरपत कातळापर्यंत जातं आणि तिथे अडतं. कातळ आणि मुरूम यांच्यामध्ये चिकणमातीचा पातळसा थर असला की तो भिजून साबणासारखा निसरडा होतो. कोरड्या मुरमाचे खडे एकमेकांना घट्ट धरून असतात. मध्ये पाणी साचलं की तेच पाणी त्यांना दूर ढकलतं, धरलेले हात सुटतात. वजन वाढत जातं आणि पकड कमी होत जाते. त्यात आपल्या बाजूला खडकाचे थरही उतरते होते. ते पाइप म्हणजे डोंगराला मोकळं व्हायची एकच वाट होती. ती बंद झाली आणि पाणी भिंतीमागे उभं राहिलं, आपल्या मखराच्या मागे, आरतीच्या वेळी आपण ज्या बाजूला हात जोडायचो त्या बाजूला.

भिंतीने सांगितलं नाही असं नाही, बाबा. मोरीजवळची फरशी फुगली, पाय ठेवला की पोकळ वाजायची. दार चौकटीत अडकायला लागलं, तुम्ही म्हणालात लाकूड फुगलंय. वरच्या ओळीत नळाच्या ओट्याला फट पडली. गटाराचं पाणी एकदम तांबडं झालं. गौरी आल्या त्या दिवशी आईने भिंतीला तळहात लावला आणि म्हणाली, "हिचा पोट पुढे इलासा वाटता. माका भिया वाटता ओ. ते पाइप मोकळे करा."

तुम्ही ताडकन म्हणालात, "गणपती घरात आसताना अभद्र बोला नको!" मग तिचा चेहरा बघून नरमलात. "विसर्जन होऊंदे. इलय काय पयला ताच काम." आणि खरंच, छिन्नी-हातोडा काढून दाराशी ठेवलात. देव बसलेला असताना मखरामागे ठोकाठोक कशी करायची, एवढीच तुमची अडचण होती. आईलाही ती पटली.

पवईच्या तलावावर आपण भर दुपारी गेलो. आई आली नाही. समई तेवत असताना घर बंद करायचं नाही, आणि रिकामा पाट परत येतो तेव्हा दारात ओवाळायला कुणीतरी हवं. परत येताना पाट तुमच्या डोक्यावर होता, त्यावर तलावाची मूठभर माती. मी झांजा वाजवत पुढे चालले होते. वळण आलं आणि मी वाजवायची थांबले, कारण पुढे ओळच नव्हती. नुसता लाल चिखल, त्यातून वर आलेले पत्रे, आणि मधेच एक धुतल्यासारखा स्वच्छ काळा कातळ. माणसं ओरडत होती. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही पाट डोक्यावर धरून उभे राहिलात, कुणी काढून घेईपर्यंत, आणि मी तुमच्या शर्टाला धरून विचारत राहिले, "बाबा, आई कुठाय? बाबा, आई?"

त्यानंतर आपण भाड्याच्या खोलीत राहिलो. तुम्ही गणपती आणला नाहीत. पाऊस लागला की भिंतींवरून हात फिरवायचात, आणि मी दिसले की हात खिशात घालायचात. माझे निकाल लागले, मला नोकरी लागली, तुम्ही पेढे वाटलेत. पण मी काय शिकते, काय शिकवते, हे शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाहीत.

काल सोसायटीचे पाइप मी माणूस बोलावून, समोर उभं राहून फोडून घेतले. सेक्रेटरी कुरकुरत छत्री धरून उभा. आधी नुसती ओल दिसली, मग तांबडं पाणी असं उसळून आलं की तो मागेच सरला. हळूहळू ते नितळ झालं. चहा उकळेपर्यंतचं काम, बाबा. इतकंच! मला तुमचा असा राग आला, असा संताप आला, की मी तिथेच भर पावसात रडायला लागले, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं तोच काही चुकीचं बोलला.

हे पत्र मी वेगळंच लिहायला बसले होते. एक उत्तर मी कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं, माझ्यामुळे झालं का, असं तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून. वर एवढी घरं होती, एवढा भराव होता, सगळ्यांचं सांडपाणी आत मुरत होतं, थर उतरते होते. पाइप उघडे असते तरी डोंगर आलाच असता. वर्गात हे मी कुणालाही पटवून देईन. पण कालचं ते पाणी बघितल्यापासून ते खरं म्हणून कागदावर उतरत नाही. तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी तुमचा हात हातात घेऊन हेच सांगितलं असतं, डोळा न लववता. बरं झालं, विचारलं नाहीत.