कहूच्या झाडाखालचा शर्ट

माय, तुला लिहायचं म्हणून ही वही आणली त्याला दोन पावसाळे झाले. पहिल्या पानावर 'माय' एवढंच लिहिलं आणि मग दरवेळी काहीतरी निघत गेलं. कधी मधपेटीला मुंग्या लागल्या, कधी पायच थांबेनात म्हणून डोंगरगडच्या गाडीत बसून उगाच पुढं गेलो. तुला माझी सवय ठाऊक आहे, काम सांगितलं की मला रस्ता दिसतो. प्रतापगडच्या जत्रेत मधाच्या बाटल्या विकायला तू मला धाडलंस, आणि मी तिथं एका भजेवाल्याकडे आठ दिवस कढई घासत राहिलो, बाटल्या भरल्या तशा परत घेऊन आलो. तू दारातच चपलेनं हाणलंस. हाणता हाणता म्हणालीस, "मी अठी रडून रडून आंधळी झाली, अन् हा मुडदा भजे खाऊन राह्यला!" आणि मग चप्पल टाकून आधी मलाच जेवायला वाढलंस. हे सांगायचं नव्हतं. सांगायचं दुसरंच आहे, म्हणून तर भजी आठवतात.

तुझा हात माणसांवर उठायचा, माश्यांवर कधी नाही. घरामागं जांभळीखाली तुझ्या मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या. कुठल्याशा प्रशिक्षणातून तू त्या आणल्यास तेव्हा बाया हसल्या होत्या, कोणी कोंबड्या पोसते, कोणी बकऱ्या, ही बाई माश्या पोसते. त्या पेट्यांपाशी गेलीस की तू दुसरीच कोणी व्हायचीस. फुटक्या मडक्यात गोवरी आणि कडुनिंबाचा पाला, जाळ नाही, नुसता धूर. पोळ्याची चौकट अशी उचलायचीस जशी झोपलेल्या लेकराखालची गोधडी काढावी. माझ्याकडून एकदा चौकटीखाली माशी चिरडली, तर तू माझा कान एवढा पिळलास की त्यातून रक्त आलं. "एक मेली त तिचा वास बाकीच्यायले लागते. ज्याच्या आंगाले वास, त्याच्यावर समद्या तुटून पडतेत. समजलं?" समजलं होतं माय. तेच तर सांगतोय, मला समजलं होतं.

वरच्या कोठीतला मध तू घ्यायचीस, खालच्या कोठीला, जिथं त्यांची पिल्लं, हात लावायचा नाही. पाऊस तोंडावर आला की वरचाही राहू द्यायचीस. मी म्हणायचो, भरलेलं पोळं आहे, काऊन सोडतेस? तू म्हणायचीस, "पावसात फूल भेटत नाई. मंग त्यायनं काय तुयी हाडं खावावं?" गोंदियाच्या बाजारात आपण टोपली घेऊन बसायचो तेव्हाही तू तशीच. हिवाळ्यात बाटलीत मध गोठलेला पाहून एक बाई म्हणाली, "इसमें तो शक्कर है." मी खाली पाहिलं. तू तिचा हात धरलास, बोटावर मध ठेवलास, म्हणालीस, "चाट. मागून कडू लागलं का नाई? जांभूर हाय ते. शक्कर पाहिजे त किराना दुकान तकडे हाय." बाई चाटत राहिली आणि दोन बाटल्या घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला ती बाटली परत घेऊन आली, भरून द्या म्हणून, आणि तू तिच्याशी अशी बोललीस जशी काही ती तुझी बहीणच.

त्याच बाजारात तो व्यापारी भेटला. पान खाणारा, मोटरसायकलवाला. "माई, बाटली बाटली से क्या होगा? मुझे दो पीपे चाहिए." तू म्हणालीस, "मले काय सांगता, माश्यायले सांगा." तो हसला आणि तुझ्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहून त्यानं डोळा मारला. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, शाळा आठवीत सुटलेली, आणि तोवर मला कोणी कामाचा माणूस समजून डोळा मारला नव्हता. मी त्याला दोन पीपे कबूल करून बसलो.

त्यानंतरची ती दुपार. तू रानात सरपणाला गेलेली, आणि मी तुझ्या चुलीवर गुळाचा पाक उकळतोय, शेजारी तुझ्याच बाटल्या उघडून ठेवलेल्या. तू लवकर परतलीस. दारात भारा टाकलास, वास घेतलास, बाटल्या पाहिल्यास. सरळ येऊन कढईला लाथ घातलीस. पाक माझ्या उजव्या पायावर आला आणि मी गुरासारखा ओरडलो. तू चुलीतलं लाकूड ओढून माझ्या पाठीत दोनदा घातलंस. "विकजो! मायलेही विकजो बजारात!" मग माझ्या पायाकडं तुझं लक्ष गेलं, कातडी वर आली होती. तू पाणी ओतलंस, खूप ओतलंस, आणि मग कोनाड्यातली तुझी ठेवणीतली बाटली काढून बोटानं मध लावायला लागलीस. शिव्या थांबल्या नव्हत्या. "खरा हाय म्हनून लावून राह्यली. तुयावाला लावला असता त पाय सडला असता, कुत्र्या." पाय बरा झाला, डाग आहे. पण त्या दिवशी मला तो मध लावणारा हात दिसला नाही, फक्त लाकूड दिसलं.

पाचव्या दिवशी, पायाला फडकं बांधलेलं, व्यापाऱ्याचे पीपे अजून भरायचेच, मी दिवस बुडताना नाल्यावर गेलो. नाल्यावरच्या कहूच्या झाडाला आग्या मोहळ लागलं होतं, दाराच्या पल्ल्याएवढं, काळं, जिवंत. बायांना धुणं धुताना त्यानं कधी काही केलं नाही. मी लांब बांबूला चिंध्या बांधल्या, डिझेलमध्ये बुडवल्या आणि पेटवून वर लावल्या. माय, पंख जळतात तेव्हा आवाज होतो. तेलात मोहरी टाकल्यासारखा, पण थांबतच नाही. जळत्या माश्या ठिणग्यांसारख्या खाली पडत होत्या आणि पडल्यावरही चालत होत्या. काही माझ्या मानेला, काही हाताला डसल्या, मी त्यांना शर्टावरच रगडून मारलं. मोहळ खाली आलं तेव्हा त्यात अर्धी पिल्लं होती, पांढरी, वळवळणारी. मी निवडली नाहीत. दोन्ही हातांनी पिळलं, मध आणि पिल्लांचं ते दुधासारखं पाणी एकत्र पिप्यात गेलं. गाळलंही नाही. त्यात आणखी गूळ घातला. व्यापाऱ्याचा माणूस दरेकसा स्टेशनावर पहिला पीपा घेऊन गेला आणि मी शर्ट खुंटीला अडकवून झोपलो. झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

सकाळी तू शर्ट धुवायला काढलास. मी जागा होतो, डोळे मिटून पडलो होतो. तू शर्ट नाकाशी नेलास आणि तशीच उभी राहिलीस. मला वाटलं आता लाकूड येणार. मी पाठ आवळून धरली. पण तू शर्ट घेऊन निघालीस, नाल्याकडं. कुठलं मोहळ जळलं हे तुला ठाऊक नव्हतं; मला हाक मारायला हवी होती. त्या शर्टाला चिरडलेल्या माश्यांचा वास होता, आणि वाचलेल्या माश्या त्याच फांदीला पेटून बसल्या असणार, हे मला तूच शिकवलं होतंस. पण हाक मारली असती तर मी जागा आहे हे तुला कळलं असतं. मार चुकवायला मी डोळे मिटून राहिलो.

किंकाळी ऐकली तेव्हा घोंगडी घेऊन पळालो. तुझं तोंड दिसत नव्हतं, माश्याच दिसत होत्या. आपल्या समोरच्या घरातल्या काकाचा बैल तिथं खुंट्याला बांधलेला, तो दोरीला गोल गोल झटके देत होता, मग गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. मी तुझ्यावर घोंगडी टाकून तुला ओढलं. बैलगाडीतून दवाखान्याकडं नेताना तुझी जीभ एवढी सुजली होती की तुला शिवी देता येत नव्हती. तू डोळ्यांच्या फटीतून माझ्याकडं पाहत होतीस. शर्ट तुझ्या मुठीत होता. दवाखान्याच्या आधीच्या वळणावर तू गेलीस, आणि मी पहिलं काय केलं तर तुझी बोटं एक एक उघडून तो शर्ट काढून घेतला.

गावानं जळलेली फांदी पाहिली आणि आपापलं ठरवलं. "मधासाठी हिनंच जाळलं. लोकायले शिकवे जाळू नोका, अन् सोता?" तेरवीसुद्धा झाली नव्हती, काका कुऱ्हाड घेऊन आला. त्याच्या जोडीतला बैल गेला होता, तो रडत होता आणि तोडत होता. चारही पेट्या फोडल्या, चौकटी बाहेर पडल्या, तुझी ती गरीब सातेरी माशी, जिनं कोणाचं काही केलं नव्हतं, ती जमिनीवर पसरली, राणीसकट. त्यावर भाताचं तणीस टाकलं. मी उभा होतो. "मी जाळलं" एवढे दोनच शब्द होते. नाही बोललो. तणीस पेटलं, आणि पुन्हा तो मोहरीचा आवाज. त्याच रात्री गाव सोडलं.

कुठं कुठं गेलो ते सांगत बसलो तर वही संपेल. रायपूरला हॉटेल, राइस मिल, टाइल्सचे ट्रक. सहा-सात वर्षांनी परत आलो तर आपल्या पडक्या भिंतीच्या पोकळीत सातेरीचं पोळं होतं. मी त्याच्यापुढं बसलो, दिवसभर. मग पेटी बनवली. आता सहा आहेत. मध तापवत नाही, गूळ घालत नाही, पावसाआधी वरची कोठी तशीच ठेवतो. गोठलेल्या बाटलीला कोणी नाक मुरडलं की तुझेच शब्द तोंडात येतात. लोक म्हणतात, मायवर नाही गेला, बरं झालं. मी बाटली पुसत राहतो. शुद्ध मध विकतो माय, आणि गावात तुझं नाव अजून त्या जळक्या फांदीला लटकलेलं आहे.

थांब. दारात कोणीतरी आलं.

काका आहे. इतक्या वर्षांत त्यानं आपला उंबरा ओलांडला नव्हता. आता पार वाकला आहे. म्हणतो, "घरी गोठ्यात मोहळ बसलं रे, लहान माशी हाय. नातू पलिता घेऊन निघालते, मी त्यायच्या हातातून हिसकला. म्हनलं, जाळू नोका, माश्यावालीनं जाळलं अन् जीव गमावला. तू चाल, काढून ने. मले मारू नाई वाटत आता." मी म्हटलं, काका, बसा, पाणी घ्या. तो दाराशी खाटेवर बसलाय, तांब्या हातात आहे, आणि मी आत हे लिहून राहिलो. रिकामी पेटी आहे, मडकं आहे, कडुनिंबाचा पाला आहे. त्याच्या गोठ्यात पाय ठेवायच्या आधी त्याला ते दोन शब्द सांगावे लागतील, नाहीतर तिथल्या माश्यांना मी हात लावू शकत नाही. तो उठून कुऱ्हाड घेईल तर घेऊ दे.

ही वही कुठं पाठवायची नाही, पेटीच्या झाकणाखाली ठेवीन. एकच राहिलं. धुरीला काडी लागते, आणि मी आता खिशात काडीपेटी बाळगत नाही, आत्ताही काकाकडेच मागावी लागेल. त्या दिवशी तणीस टाकून झाल्यावर काका नुसता धापा टाकत उभा होता, कुऱ्हाड टेकवून. त्यानं काडी मागितली नव्हती, माय. मीच पुढं केली.