थाळनेरचं सकाळचं ऊन

अमळनेर, सोमवार

तीर्थस्वरूप मोतीलाल नानांना, पुतण्या समाधानचा शिरसाष्टांग नमस्कार. रावेरहून पाठवलेली केळी पोचली. आम्ही सगळे बरे आहोत, तुमच्या डोळ्यांचीच तेवढी काळजी आहे. (ज्योतीवहिनी, सावकाश वाचा, सासरे मध्ये बोलले तरी थांबू नका.)

थाळनेरचा मकबरा सकाळच्या उन्हात, निदान फोटोत तरी, एकदा पाहीन, मगच मोतीबिंदूला हात लावू देईन, अशी तुम्ही अट घातलीत. लग्नानंतर काकूंच्या माहेरी तुम्ही दोघं पहिल्यांदा निवांत बसलात ते त्याच मकबऱ्यासमोर. डोळा गेलाच तर शेवटचं तेच पाहिलेलं असावं, हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं आणि वाईट वाटलं. म्हणून स्टुडिओ बंद ठेवून, कॅमेरा घेऊन गेलो.

दगडावरची नक्षी उठून दिसते ती कोवळ्या, तिरप्या उन्हात. ऊन डोक्यावर आलं की भिंत नुसती सपाट. (लग्नात नवरीचा फोटो भर दुपारी काढायला लावणाऱ्यांना हे कोण सांगणार.) उजाडताच पोचलो, तर समोर ओळीनं खाटा, आणि खाटांवर ओल्या कुरडया. त्या काकूंच्या चुलत भावजय सुंदरबाईंच्या. खाटा जरा सरकवता का, असं विचारलं. ओली कुरडई हलवली की मोडते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं. म्हणाल्या, “भाऊ, ऊन तुनं एकलानं शे का? बठ्ठा गावनं शे.” ऊन सगळ्या गावाचं, हे खरंच. नंतर फोटो कोणासाठी ते सांगितलं. जावयासाठी म्हणून त्यांनी खाट सोडून सगळं दिलं: चहा, खुर्ची, आणि शेळ्या हाकलायला काठी. मी शेळ्या हाकलत असताना ऊन वर चढलं. दुसऱ्या दिवशीही गेलो. कुरडया नव्या, शेळ्या त्याच. शेवटी खाटांसकट फोटो काढला.

आपला आज्ञाधारक,
समाधान

ता. क. फोटो मोठा करून सोबत पाठवला आहे. भिंत आणि ऊन नीट आलंय. अट पुरी झाली. आता गुरुवारी दवाखान्यात निमूट जावं.

ता. क. (ज्योतीवहिनी, हे मनातल्या मनात वाचा.) खाटांचे पाय मी कापून टाकले, कुरडया मात्र भिंतीच्या पायथ्याशी राहिल्या. नाना फोटो डोळ्याजवळ धरून खालच्या नाजूक जाळीचं कौतुक करतील. करू द्या. पट्टी सुटली की फोटो पुन्हा हातात द्या आणि काही बोलू नका. मला शिव्या घालायला लागले, की लगेच फोन करा. मी वाट पाहतोय.