आईचा आवाज

आये,

हे पत्र पाठवायची हिंमत नाही, कारण तुला वाचता येत नाही, आणि ते तुझ्याकडे राहायला आलेली रोह्याची मावशीच वाचून दाखवेल.

मिठागरावरच्या माझ्या व्हिडिओत तू चिखल पायांनी तुडवत सांगत होतीस, "जमीन घट्ट झाली नाय तर मीठ मातकट येतं गो." मी तुझा आवाज काढून टाकला आणि त्यावर माझं पुण्यात कमावलेलं मराठी बसवलं. "ताई, किती शुद्ध बोलता!" अशा कमेंट वाचून सुखावले.

काल पेणहून तुझा फोन आला. "मावशीला व्हिडिओ दाखवला, पण माझा आवाज आलाच नाय. मी हलू बोलली काय गो?"

"व्हय आये, हलूच बोललीस."

किती वर्षांनी तुझ्या बोलीत बोलले, आणि बोलले ते खोटं.

तुझीच म्हणवायला लाजणारी,
नूतन