गुडघ्यांवरचा नवस

१४ मार्च १९८७, शनि.
सुधानं ब्रोशर्स पुढ्यात टाकली. ईस्टरच्या सुट्टीत पोर्तुगाल, बीच, पूल. मी म्हटलं, दोन दिवस किनारा सोडून आत ओरें तालुक्यात जाऊ. टेकडीवर किल्ला, जुनं चर्च, त्याच्या तळघरात सरदाराची कबर, चौकात गुन्हेगारांना बांधायचा दगडी खांब. "अहो, लग्नाला तेरा वर्षं झाली, रायगडाची पायरी चढला नाहीत. आता पोर्तुगालचा किल्ला?" माझ्या हातातल्या यादीतलं शेवटचं नाव, फातिमा, मी मोठ्यानं वाचलंच नाही.

१५ मार्च, रवि.
लिहून टाकतो, कुठे तरी बोललं पाहिजे. जानेवारीत गौरीला मेनिंजायटिस. नऊ वर्षांची पोर, तिसरा दिवस, हाक मारली तरी डोळे उघडेना. सु. कँटीनला गेली होती. वॉर्ड पुसणारी पोर्तुगीज आल्दा जवळ आली. "डॉक्टर, यू प्रॉमिस हर समथिंग." तिच्या ओरेंकडे फातिमा गावच्या मेरीला नवस बोलतात, अख्खं पटांगण गुडघ्यांवर पार करून तिच्या छोट्या देवळापर्यंत जातात. मी बोललो. मी! सत्यनारायणाच्या तीर्थाला साखरेचं पाणी म्हणणारा. पोर उठू दे, या आजारात कान जातात, ते शाबूत राहू दे, गुडघ्यांवर येईन.
आल्दानंच मग मेन्यूकार्डामागे तिच्या तालुक्यातलं काय काय बघायचं ते लिहून दिलं. किल्ल्याच्या आडून फातिमा. सु.ला सांगायची छाती नाही.

२४ मार्च, मंगळ.
कानांची टेस्ट. दोन्ही नॉर्मल!! सु. रडली, मीही. अँटिबायोटिक्सनं बरी झाली, मला माहीत आहे, डोस मी स्वतः तपासत होतो. तरी नाही गेलो आणि उद्या तिला काही झालं तर... भीती वाटते. सरळ भीती.

२९ मार्च, रवि.
गॅरेजात प्रॅक्टिस. सिमेंटवर दहा मिनिटं, ब्रह्मांड आठवलं. गुडघे काळेनिळे. सु.नं पाहिलेच.
"हे काय?"
"स्क्वॉश."
"स्क्वॉश गुडघ्यांनी खेळतात?"
गौरी म्हणे, "बाबा, तू पडला का?" हो म्हटलं. सु. दिवसभर माझ्याकडे बघत होती. तिच्या मनात काय काय येत असेल, देव जाणे. (बघा, कोण म्हणतंय.)

३ एप्रिल, शुक्र.
गौरीचं शेवटचं चेकअप. कॉरिडॉरमध्ये समोरून आल्दा, हातात मॉप. पळून जावंसं वाटलं. तिनं सु.चे दोन्ही हात धरले. "युअर हजबंड, गुड मॅन. ही गो टू फातिमा ऑन हिज नीज. फॉर द बेबी." सु. हसून थँक यू म्हणाली. गाडीत मागे गौरीजवळ जाऊन बसली.

४ एप्रिल, शनि.
गौरी मैत्रिणीकडे गेली आणि सु. बोलली. मला वाटलं, मी इतकी वर्षं केलेली देवाधर्माची थट्टा काढेल. ते नाहीच.
"आपला पहिला मुलगा दोनच दिवस जगला, काचेच्या पेटीत. मी म्हटलं होतं, अंबाबाईला नवस बोलू, दोघांनी. तुम्ही म्हणालात, अंबाबाई काय व्हेंटिलेटर लावणार?"
मला आठवत नाही. खरंच नाही. पण बोललो असेन, मी तसाच होतो.
"त्याच्यासाठी का नाही हो वाकलात?"
काय सांगणार? लाज वाटली.

८ एप्रिल, बुध.
म्हटलं, सुधा, तू नको म्हणालीस तर जात नाही.
"नवस बोललायत ना? मग फेडायचा. माझ्या पोरीच्या जिवाशी खेळ नको. पण मला ते बघायला बोलावू नका."
रात्रीचं जेवण वाढलं, समोर बसली नाही.

११ एप्रिल, शनि.
तिनं गौरीची बॅग भरली, माझी भरली. माझ्या बॅगेत कपड्यांवर खणाची घडी, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या. विचारलं, हे मेरीला? म्हणाली, "बाईच आहे ना ती."
स्वतःची बॅग भरलेली नाही. येतेस ना, विचारलं. तिनं माझ्या बॅगेची चेन लावली.
टॅक्सी दारात. गौरी आत जाऊन बसली. सु. कोट घालून जिन्याच्या पायरीवर बसली आहे, मी हे लिहितोय ते बघते आहे.