महाराजाचा उताराचा समुद्र

४ एप्रिल
आज पुन्हा टायपिंग. नदीकाठच्या देवळाचा पुजारी, अन् लिहून राह्यला आरमाराचा इतिहास! जन्मात समुद्र पाह्यला नाई महाराजानं. मी कॉलेज सोडून आलो तं मले लॅपटॉपसकट पकडलं. मले काय, ओट्यावरून घाट दिसते. सरू तिथी बापाची जाळी वाळू घालते.

९ एप्रिल
सरूले ऊर्जानगरचं स्थळ, पोरगा वीज केंद्रात. क्वार्टर, बुलेट, सारंच. सरू म्हणाली, "तू टायपत बस. येईन तुह्यं आरमार मले न्यायले."

१० एप्रिल
महाराजाचे पाय धरले. उद्या सरूचा बाप पत्रिका आणते, जुळत नाई म्हणा. बस.
"मी खोटं बोलत नाई, बाबू."
"माह्यं प्रेम खोटं हाय का?"
"पत्रिकेत तुह्यं नाव नाई." अन् लगेच, "लढाईचं प्रकरण झालं का?"
दगड हाय दगड.

११ एप्रिल
जुळली. लग्नाची तारीखही यानंच काढली. वरून मले पेढा.

१४ एप्रिल
लढाई टायपली. आपली गलबतं वरून सुटली, धारेसंगं खाली आली, दुश्मनाचं जहाज वाहत वाहत खालच्या गावाले लागलं. अरे, हे वैनगंगा हाय! सरूचा बाप डोंग्याच्या गोष्टी सांगते, तेच उतरवलं. फर्स्ट इयरच्या ट्रिपले अलिबागले पाह्यलं मी. पाणी येते, परत जाते. समुद्राले कुठचा उतार?
बोललो नाई. जसंच्या तसं ठेवलं. हसू दे पुण्याच्या प्रकाशकायले.

२० एप्रिल
प्रिंट पाहून महाराजाचे डोळे भरले. प्रस्तावनेत माह्यं नाव, 'पुत्रासमान'. कोणी सांगितलं होतं?
सरू घाटावर येत नाई आता. उन्हानं काळी पडन म्हणे.

२१ एप्रिल
सकाळी महाराज एसटी थांब्यावर, थैली छातीशी. गडचिरोलीहून पुण्याले कुरिअर करणार.
"बाबू, लढाईत काही चुकलं तं नाई ना? तू समुद्र पाह्यला हायेस."
तोंडून निघूनच गेलं, "चुकलंय. सांगतो. आधी सरूची तारीख मोडा."
एसटीच्या पायरीवरचा पाय त्यांनी खाली घेतला. कंडक्टर ओरडला, "महाराज, चढता का नाई?"
एसटी गेली. समोरच्या टपरीवर बसून लिहून राह्यलो. महाराज अजून तिथीच, थैली मांडीवर. ना ते माह्याकडं पाहत, ना मी उठत. चहा दोनदा सांगितला, दोनदा थंड झाला.