बारा वाजेपर्यंत सभागृह

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

देवळाचा हॉल गेला. २९ तारखेला तिथे कुणाचं तरी लग्न आहे. शाळेचा हॉल मिळतोय, पण स्टेज नाही आणि कोपऱ्यात व्हेंडिंग मशीन घरघरत असतं, तेही काळी दोनच्या पट्टीत. बाबा काळी एकमध्ये गातात.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात यंदा बाबांचं गाणं आहे. इचलकरंजीहून पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत. आईचे गुडघे विमानात बसणारे नाहीत, म्हणून एकटेच. सव्वाशे लोकांना ईमेल गेलंय. कार्यक्रम प्रमुख मी. जागा नाही.

देवदत्त मंडळाचा अध्यक्ष. नागपूरचा. ऑफिसात माझ्यापासून दोन क्यूबिकल पलीकडे बसतो. म्हणाला, टेन्शन नको घेऊ यार, हे ऑस्टिन आहे, इथे स्टेज नसलेली जागा शोधावी लागते. मी म्हटलं, ते सगळे बार आहेत. म्हणाला, बार रात्री असतो, सकाळी ती नुसती खोली असते.

निश्चय: बार कुठल्याही परिस्थितीत नाही. लिहून ठेवलंय, म्हणजे रेकॉर्ड राहील.

बाबा सव्वीस वर्षांचे असताना एका गिरणीमालकाच्या घरच्या लग्नात गायला बसले होते. एका पाहुण्याने दारूचा ग्लास तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. बाबा गाणं अर्धं टाकून उठले. तो गोल डाग अजून आहे. जिथे प्याला असेल तिथे गायचं नाही, हे तेव्हापासूनचं. चाळीस वर्षं झाली. हॉटेलं सोडली, क्लब सोडले, एक मंत्रीसुद्धा सोडला. मी शाळेत जायच्या आधी बाबांच्या मांडीवर शिकले. तो डाग दाखवून पहिला धडा दिलेला. दुसरा धडा: सूर चुकला तर थांबायचं, पुन्हा लावायचा. झाकून पुढे जायचं नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

बघणं म्हणजे बुक करणं नव्हे. म्हणून बघायला गेलो.

पहिला बार: स्टेजच्या वर भिंतीत बैलाची शिंगं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार हात. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यातून फुटल्यासारखी दिसतात. रद्द.

दुसरा: जमीन इतकी चिकट की मी पुढे गेले आणि चप्पल मागे राहिली. रद्द.

तिसरा: अंगणातच स्टेज, शेजारच्या अंगणात दुसरं स्टेज, तिथे एक मुलगा ड्रम बडवतोय. देवदत्त म्हणाला, जुगलबंदी होईल. रद्द.

चौथा: लोन पेकन. जुनी विटांची इमारत, लाकडी स्टेज. कुणी बघत नाही असं पाहून हळूच सा लावला. परत आला तेव्हा त्याची सावली बरोबर होती. असा हॉल मी ऐकलाच नव्हता.

मागे काचेपलीकडे स्टीलच्या मोठाल्या टाक्या. बिअर तिथेच बनवतात.

मालक अर्ल. साठीचा, पांढरी शेंडी, नव्हे, पोनीटेल. मला मॅम म्हणतो. मी सत्तावीस वर्षांची आहे. बँडमध्ये किती माणसं, विचारलं. म्हटलं, माझे वडील. त्याने हॅट काढली. त्याची आई चर्चमध्ये गायची म्हणे. रविवार सकाळ तुमची, म्हणाला. रविवारी बाराच्या आधी एक थेंबही ओतता येत नाही, कायदाच आहे. मी तीनदा विचारलं. तीनदा येस मॅम.

तिथे पाणी प्यायले. आधी ग्लास रुमालाने पुसला. बाहेर आल्यावर रुमाल टाकून दिला.

आता शांतपणे विचार केला तर: जिथे दारू विकायची कायद्याने परवानगी नाही, ती जागा बार कशी? बारा वाजेपर्यंत ते सभागृहच आहे. देवदत्त म्हणाला, एक्झॅक्टली. त्याला इतक्या लवकर पटलं म्हणून जरा शंका आली. पण तर्कात कुठे खोट दिसत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

घरी फोन. बाबांनी विचारलं, गाणं कुठे. मी म्हटलं, जुनी, विटांची इमारत, लाकडी मंच. एकेक शब्द खरा. आईने नाव विचारलं. पेकन. म्हणजे काय गं? म्हटलं, अक्रोडासारखं असतं. आई म्हणाली, पौष्टिक.

बाकीचं समोरासमोर सांगणार. असल्या गोष्टी फोनवर सांगणं बरं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

बाबा आले. बावीस तासांचा प्रवास, पाय सुजलेले. दमलेल्या माणसाला असं काही सांगणं ही क्रूरता आहे. गुरुवारी सांगते.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा पहाटे पाचला रियाजाला बसतात. आवाज कितीतरी वर्षांत असा लागला नव्हता. इथली हवा मानवली असणार. वरच्या मजल्यावरची बाई तक्रार करायला आली आणि जिन्यातच बसून राहिली. अशात सांगितलं आणि आवाज बसला तर ते पाप माझ्या माथी. शिवाय परवा लक्ष्मीपूजन. दिवाळीनंतर.

२५ ऑक्टोबर, बुधवार

माझं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. काय काय चुकू शकतं ते आधी शोधायचं. तेच इथे.

काउंटरमागच्या बाटल्या: दोन चादरी, वर तोरण. बिअरच्या अकरा नळांचे अकरा दांडे: झेंडूच्या माळा. देवदत्त म्हणाला, अकरा मारुती दिसतील. दिसू देत.

वास: रविवारी सकाळी मागे बार्ली उकळतात. उदबत्त्या, दोन पुडे.

मोठा प्रश्न निऑनचा. स्टेजच्या मागे, बरोबर गाणाऱ्याच्या डोक्यावर, लाल अक्षरांत बी, ई, ई, आर. एकेक अक्षर हातभर. अर्ल म्हणाला, त्याला बटण नाही, वर छताशी टायमर आहे, दुपारी बाराला आपोआप लागतो. मागे एकाने हात लावला तर आठवडाभर अख्खा बार अंधारात होता. म्हणून त्यावर पैठणी. आईने माझ्या लग्नासाठी दिलेली. लग्न तूर्त नाही, पैठणी रिकामीच आहे.

दहाला दिवा, साडेदहाला बाबा, साडेअकराला भैरवी. पावणेबाराला सगळे बाहेर, फराळाची पाकिटं पार्किंगमध्ये. बाराला पाटी लागेल तेव्हा आत चिटपाखरू नसेल. सगळं तपासलं. कुठेही भोक नाही.

आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही, खरं तर. तरी सांगणार.

२८ ऑक्टोबर, शनिवार

हिवाळा आला की इथे सरकारी वेळच बदलते: आज रात्री घड्याळं एक तास मागे. लोक इथेच चुकतात. मी संध्याकाळीच सगळी केली: गजराचं, मायक्रोवेव्ह, ओव्हन, कार, माझं मनगटी, बाबांचं मनगटी. सहा.

बाबांनी विचारलं, इथे वेळ मागे नेता येते? म्हटलं, एकच तास. म्हणाले, तेवढा पुष्कळ झाला.

जेवणानंतर सांगणार होते. बाबा स्वतः कुडत्याला इस्त्री करत होते. मध्येच इस्त्री उभी ठेवली आणि विचारलं, नीलू, काही सांगायचंय का? मी म्हटलं, हो, लवकर झोपा. हेही सांगायचंच होतं.

२९ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९.१०. कारमध्ये

चाळीस माणसं आत्ताच दारात उभी! घड्याळ मागे करायचं विसरली. म्हणजे जे वेळेवर येणार होते ते तासभर आधी आले, आणि जे नेहमीसारखे तासभर उशिरा येतील ते वेळेवर पोचतील. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच. शुभशकुन.

१०.४०. विंगेत

दिवा वेळेवर. भाषण चार मिनिटं. उदबत्त्यांनी मला ठसका लागला, पण वास आहेच. देवदत्तची आई, सुमित्राकाकू, म्हणाल्या, कुणीतरी सातूचं पीठ भाजतंय वाटतं. मी म्हटलं, हो, सातूच. बाबा म्हणाले, सातू भाजला की असाच वास येतो. मग म्हणाले, आंबवला की वेगळा.

बाबांनी फार वेळ घालवला. माईकशेजारी लाकडी टेबल आहे, त्यावर बोट फिरवत उभे राहिले. ग्लासांचे गोल डाग, एकात एक. मी लगेच ओढणी टाकली. विचारलं, सभागृह कुणाचं म्हणालीस? म्हटलं, एका काकांचं, त्यांची आई चर्चमध्ये गायची. खरंच आहे. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, सांगितलं ना बाबा.

मग तानपुरा. देवदत्तच्या दिवाणखान्यात शोभेला टांगलेला, तो लावायला दहा मिनिटं. लावता लावता तारेकडे बघायचं सोडून सारखे माझ्याकडे बघत होते. मी घड्याळावर टिचकी मारली. त्यांनी मान खाली घातली आणि सा लावला.

पाच मिनिटं लेट. भरून निघेल.

११.२०. लेडीज बाथरूम

सातवं घड्याळ.

टायमर कुणी मागे केला नव्हता. तो अजून कालच्याच वेळेत होता. माझ्या घड्याळात अकरा, त्याच्या घड्याळात बारा.

आधी टिकटिक झाली. मग पैठणीच्या आतून लाल उजेड आला, आणि मोरांच्या मधोमध चार अक्षरं उमटली. हातभर. सव्वाशे माणसं आणि खाली बाबा.

देवदत्त कानात म्हणाला, लोकांना वाटेल स्पॉन्सर आहे. मी त्याच्याशी यापुढे बोलणार नाही.

बाबांची पाठ तिकडे होती. पण पांढरा कुडता लाल झाला. त्यांनी आधी बाहीकडे बघितलं. मग मान वळवून वर. मला वाटलं, उठले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते समेवर येत होते.

मी इथे पळून आले. बाहेर गाणं चालू आहे. भिंतीतून नुसती घुमघुम ऐकू येते. कायद्याने अजून चाळीस मिनिटं हे सभागृहच आहे.

संध्याकाळी ६

सगळे म्हणतात, असं गाणं आयुष्यात ऐकलं नाही. सुमित्राकाकू रडल्या. अर्ल शेवटचा अर्धा तास दाराशी हॅट हातात घेऊन उभा होता. मला म्हणाला, तुझ्या वडिलांनी वाटेल त्या रविवारी यावं. मी काहीच ऐकलं नाही, त्यामुळे मत देता येत नाही.

कारमध्ये मीच सगळं सांगितलं. उशिरा का होईना, सांगितलं, हे नोंदवून ठेवते.

बाबा म्हणाले, मला टेबलापाशीच कळलं. तसा डाग मी चाळीस वर्षं रोज पुसतोय.

मी म्हटलं, मग बसलात कशाला? म्हणाले, तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तानपुरा केव्हाच लागला होता. तू घड्याळ दाखवलंस. आता एवढ्या माणसांत तुला खोटं पाडायचं, की आपण बसायचं? बसलो.

मी कायद्याचं सांगितलं, बाराचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, नीलू, त्या माणसाने दिवे लावून लिहून ठेवलं होतं, हा बार आहे म्हणून. झाकलं तू.

घर आल्यावर फक्त विचारलं, पैठणी जळली नाही ना?

नाही जळली. एका मोरावर पिवळट डाग आहे. बघायचं म्हटलं तरच दिसतो.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

निश्चय: आईला सगळं खरं सांगायचं. ३ तारखेपासून, क्रमाने. दोन पानं लिहून काढली, म्हणजे काही सुटणार नाही. शनिवारी फोन.

बाबा दोन दिवस रियाजाला बसले नाहीत. हवा बदलली, त्याचं असेल. वरच्या मजल्यावरची बाई दारात येऊन विचारून गेली, ते बरे आहेत ना. म्हटलं, अगदी बरे आहेत.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. पहाटे पाचला उठतात, खिडकीशी बसतात, चहा घेतात. मी गरम पाणी आणि मध ठेवला. म्हणाले, घसा चांगला आहे गं.

४ नोव्हेंबर, शनिवार

फोन लावला. कागद हातात होते. बाबा म्हणाले, आधी मी बोलतो.

स्पीकरवर आईचा आवाज. गुडघे, कामवाली, दिवाळीला पाहुणे किती आले. मग विचारलं, अहो, आणि सभागृह कसं होतं?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. तानपुरा लावताना बघत होते तसं. मी कागदाची घडी उलगडली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तारखेपासून सुरुवात करावी की आधी कारण सांगावं, हे ठरवत होते.

बाबा म्हणाले, छान होतं. जुनी, विटांची इमारत. लाकडी मंच.

एकेक शब्द खरा. वाक्य माझं.

आई म्हणाली, मला वाटलंच होतं, आमची नीलू नीट बघूनच ठरवणार. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन बसले. मी आईला म्हटलं, हो, गुडघ्यांना तेल लाव.

कागद या वहीत ठेवलेत.

सहाही घड्याळं बरोबर आहेत. आत्ताच पुन्हा तपासली.