टाकी भरली की यंत्र थांबतं

रविवार, १७ ऑगस्ट
दुपार

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला त्याहून थोडा जास्त. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. अकरा महिन्यांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर आपलं काय होतं ते ठाऊक आहेच. तू ‘हं, बोल’ म्हणतोस, मी तडकते आणि वहिनी मागून ‘ठेवा आता’ म्हणते. कागदावर निदान मला कुणी मधे तोडत नाही.

काम असं आहे की मला एका यंत्राबद्दल विचारायचंय. खोलीतली ओल खेचून घेतं ते, डीह्युमिडिफायर. तुझा जन्म कूलर दुरुस्त करण्यात गेला. तू हवेत पाणी घालतोस, मला ते बाहेर काढायचंय. उलटं असलं तरी तुलाच कळेल, म्हणून तुझं डोकं खाते.

इथली हवा तू एकदाच बघितलीस आणि तीन दिवसांत तुझा पट्टा बुरशीने हिरवा झाला होता. यंदा तर कहर आहे. मिठाचं पाणी झालंय, बिस्किटं डब्यातच सादळतात, कपाट उघडलं की कुबट वास नाकात जातो. पलंगामागच्या भिंतीला पोपडे आलेत. औषधांच्या बाटल्यांत त्या ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या मी दवाखान्यातून ओंजळीने आणून कपाटात टाकल्या. औषधांच्या खिडकीवर वीस वर्षं उभी राहते, तेवढा तरी फायदा व्हावा. पण त्या पुड्यांनी काय होतंय? दात कोरून पोट भरत नाही.

आणि आईचा खोकला. आमच्याच दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या ओलीने दम वाढतोय, खोलीतली आर्द्रता पंचावन्नच्या खाली आणा. भिंतीवर आर्द्रता मोजायचं मापक लावलं, तर काटा ब्याऐंशीवर! मग लागले या यंत्राच्या मागे. कुणी म्हणे कॉम्प्रेसरचं घ्या, कुणी म्हणे नको, घरघरतं. दिवसाला बारा लिटर की वीस, टाकी केवढी, खोली केवढी. दुकानदाराने तर विचारलं, ‘मॅडम, घरात श्वास घेणारी माणसं किती?’ मी म्हटलं, एक घेते आणि एक खोकते.

बारा लिटरचं आणलं. रात्री घरघर नको म्हणाली आई, म्हणून चालू फक्त दिवसा. संध्याकाळी कामावरून येऊन बघते तर टाकी काठोकाठ, लाल दिवा लागलेला. मी खूश! एका दिवसात एवढं पाणी काढलं! काटा मात्र ब्याऐंशीवर ढिम्म. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. दुकानात जाऊन भांडले, बदलून वीस लिटरचं आणलं. त्याचीही टाकी रोज भरलेली आणि काटा तिथेच. पुन्हा भांडले. दुकानदार बिचारा म्हणाला, ‘मॅडम, टाकी भरतेय म्हणजे यंत्र चालतंय.’ मी म्हटलं, मग माझी आई का खोकतेय? आता तो मला लांबून बघितलं की गोदामात शिरतो.

तर तू सांग, तिसरं कोणतं

नाही. हे काही खरं नाही. तीन पानं फाडून चौथं लिहायला बसले आणि यातही थापाच मारतेय. यंत्रात दोष नाही, हे मला गेल्या सोमवारपासून माहीत आहे.

त्या दिवशी दवाखान्यात औषधांची मोजदाद होती, खिडकी बंद, म्हणून अडीचलाच घरी आले. आई स्वयंपाकघरात होती. यंत्राची टाकी ओट्यावर आणि ही तांब्या तांब्या पाणी ओतत होती. काठापर्यंत भरली, फडक्याने पुसली, उचलून नेऊन नीट खाचेत बसवली. खट्. लाल दिवा लागला. यंत्र बंद. मग पदराला हात पुसून खुर्चीत जाऊन बसली.

दादा, मला वाटलं, झालं. आईला वाटतंय हा कूलर आहे. बाबांच्या दुकानात तीस वर्षं टाक्या भरल्या, तीच सवय, हिला काळवेळेचं भान उरलं नाही. दवाखान्यात अशी माणसं रोज बघते मी, पण ती दुसऱ्यांची असतात. मी आल्या पावली मागे फिरले आणि सहाला नेहमीसारखी घरी आले.

पुढचे तीन दिवस मी तिची परीक्षा घेतली. सहज विचारल्यासारखं, ‘आई, आज वार कोणता?’ ‘आई, सतरा सक किती?’ ती म्हणाली, ‘एकशे दोन. तुला येत नव्हतं म्हणून बाबांनी मारलं होतं, ते अजून डोक्यात आहे का तुझ्या?’ चौथ्या दिवशी मी राष्ट्रपती कोण म्हणून विचारलं, तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला.

‘मला वेड लागलेलं नाही,’ म्हणाली. ‘त्या दिवशी तू दारात आलेलं मी बघितलं.’

‘मग त्या टाकीत पाणी का भरतेस? तो कूलर नाही!’

‘मला सांगतेस? तुझ्या बापाच्या टाक्यांचे फ्लोट मी बसवायचे. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि यंत्र थांबतं. म्हणूनच भरते.’

तू असतास तर हसला असतास. मला इतका राग आला की हातातली बशी मी ओट्यावर आपटली. अगं, तुझ्यासाठी मी दुकानदाराशी कुत्र्यामांजरासारखी भांडतेय, आणि तू स्वतःच घर ओलं ठेवतेस? खोकून खोकून मरायचंय का? तर शांतपणे म्हणाली, ‘महिनाभराचाच प्रश्न होता. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस का?’

ऐकलं होतं. मघाशी तुला अर्धंच लिहिलं. ते म्हणाले होते, महिन्यात काटा उतरला नाही तर यांना कोरड्या हवेच्या गावी हलवा. म्हणजे तुझ्याकडे.

‘मग तोंड उघडून सांगायचं ना, मला जायचंय म्हणून!’ मी ओरडले.

‘तुला कसं सांगू? एवढी भांडून आणलीस मला.’

आणि मग, किती तरी महिन्यांनी, ती सलग बोलली. आठला मी जाते, सहाला येते. मधे ती, खिडकी आणि भिंत. मी आल्यावर विचारते, आई दमलीस का, जेवलीस का, गोळी घेतलीस का. ‘दुकानात माणसं मला विचारायची, पंप का अडकतोय, जाळी किती इंची लावू,’ म्हणाली. ‘इथे मला कुणी काही विचारत नाही गं. तू वार विचारलास तेव्हा मला बरंच वाटलं होतं आधी.’

मग मला तुझं दुकान आठवलं.

मी तिला इथे आणलं त्या दिवशी तुझ्या दुकानात ती स्टुलावर बसून जाळीत गवत भरत होती, केसांत काड्या, हात काळे. मी दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, ‘आईला फुकटची नोकर केलीस.’ वहिनी रडली. मी आईची पिशवी भरली आणि तिला घेऊन निघाले. तिला विचारलं नाही. विचारलं तूही नाहीस, आणि त्याचा राग मला अजून आहे, तो काही मी सोडणार नाही. पण नोकर म्हणाले ते चुकलं. तू तिला काम दिलंस असं नव्हे, ते तिचंच काम होतं. मला दिसले ते फक्त काळे हात.

शुक्रवारपासून यंत्र नीट चालू आहे. आई टाकीला हात लावत नाही. आज काटा चोपन्नवर आहे, खोकलाही उतरलाय. म्हणजे आता हवेची सबब उरलेली नाही. हवं तर ती इथे राहू शकते. मी म्हटलं तर ती राहीलही, आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. म्हणूनच मी तसं म्हणणार नाहीये.

तेव्हा यंत्र कोणतं घ्यावं ते कळवू नकोस. पुढच्या रविवारी ये आणि तिला घेऊन जा. ‘न्यायला आलो’ म्हणू नकोस, ते तिला ओझं झाल्यासारखं वाटेल. दुकानात काम अडलंय म्हण. दोन दिवस राहा. वहिनीला आण, तिच्याशी मी समोरासमोर बोलेन, कागदावर नाही.

एक उरलंच. मी आईला तिच्या तब्येतीसाठी आणलं नव्हतं. संध्याकाळी कुलूप काढलं की आतून कुणीतरी ‘आलीस का’ म्हणावं, यासाठी आणलं. हे तुझ्यासमोर म्हणायची लाज वाटली, म्हणून तुला नको ते बोलले.

लवकर ये. माझं मन बदलायच्या आत ये.

आईला न विचारता घेऊन आलेली,
तुझी बहीण